घसारा आणि वंगण

हमीभाव, वीजबिल आणि कर्जमाफी या विषयांवर बोलताना आपल्या कार्यकर्त्यांना रात्र अपुरी पडते. परंतु शेतकऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनात कोणते तेल घालावे, असा प्रश्न एखाद्या शिबिरात कोणी विचारलाच, तर तो मिस्तरीचा विषय म्हणून हसण्यावारी नेला जाईल. प्रस्तुत लेखकाच्या मते तो अर्थशास्त्राचा विषय आहे, आणि म्हणूनच राजकारणाचाही आहे.

यंत्राचे मूल्य वर्षागणिक कमी होत जाते, त्याला हिशेबनीस 'घसारा' म्हणतात. आमच्या शास्त्रातील फारच थोड्या संज्ञा इतक्या शब्दशः खऱ्या असतील. इंजिनात पिस्टनच्या रिंगा लायनरवर खरोखरच घासत असतात, क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये फिरत असतो, आणि या पृष्ठभागांच्या मधला तेलाचा पातळ थर तेवढा त्यांची झीज रोखून धरतो. (वेरूळच्या घृष्णेश्वराच्या नावातही घर्षणाचा नाद ऐकू येतो, तो योगायोग समजून सोडून द्यावा.)

वेरूळला येणारा प्रवासी कैलास लेणे पाहून परत जातो. डोंगराखाली येळगंगेच्या परिसरात कापूस, मका आणि आले पिकवणाऱ्या शेतांकडे त्याचे लक्ष जात नाही. या शेतांची मशागत करणाऱ्या ट्रॅक्टरांत वीस-पंचवीस वर्षे वापरलेली, दोनतीन धन्यांच्या हातांतून गेलेली यंत्रे आहेत. ती जुनी का राहिली याचे उत्तर कृषिगणनेत सापडते. महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते; २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टरवर आले. ट्रॅक्टर परवडण्यासाठी त्याला वर्षाला हजार तास काम मिळावे, असा एक जुना मापदंड आहे. सव्वा हेक्टरच्या धन्याने शेजाऱ्यांची नांगरट भाड्याने केली तरी तो हजार तासांच्या जवळपासही पोहोचत नाही. अशा माणसाने नव्या ट्रॅक्टरसाठी कर्ज काढणे म्हणजे बँकेच्या जप्तीला आमंत्रण देणे होय. ज्याची किंमत फिटून गेली आहे असे जुने यंत्र चालते ठेवणे हाच त्याचा शहाणपणाचा मार्ग आहे.

या यंत्रांपैकी काही तर पोरकी आहेत. सार्वजनिक क्षेत्रातील एच.एम.टी.ने चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने १९७१ साली हरियाणातील पिंजोर येथे 'झेटर' बनवण्यास प्रारंभ केला. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तो ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास मान्यता दिली. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेतील आराखड्यावरून उभा राहिलेला आणि १९७४ साली पंजाब ट्रॅक्टर्सने बाजारात आणलेला 'स्वराज' आजही बनतो, पण २००७ पासून त्याची मालकी खासगी उद्योगसमूहाकडे आहे. लोहियांनी १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात लहान यंत्राचा आग्रह धरला होता. तेव्हाच्या त्या कल्पनेच्या जवळपास जाणारे जे थोडे आपल्या देशात घडले, त्यात ही पंचवीस अश्वशक्तीची यंत्रे मोडतात. ती बनवणाऱ्यांचे पुस्तक हरवले आहे, कारखान्याचा दरवाजा बंद आहे, आणि तेलाचा सल्ला विचारायला दुकानदाराखेरीज कोणी उरलेले नाही.

दुकानदाराचा सल्ला बहुधा दोन प्रकारचा असतो. पहिला, सर्वांत महाग डबा घ्या. दुसरा, इंजिन जुने आहे, तेव्हा जाड तेल घाला. दोन्हींची तपासणी केली पाहिजे.

डब्यावर दोन खुणा असतात. '१५ डब्ल्यू-४०' किंवा '२० डब्ल्यू-४०' ही खूण तेलाचा दाटपणा सांगते. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतले वर्तन दाखवतो, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा दाट थर. जुन्या पुस्तकांत हिवाळ्यात तीस नंबर आणि उन्हाळ्यात चाळीस नंबर असे सांगितलेले असते. आजचे बहुश्रेणी तेल ही दोन्ही कामे एकटे करते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, तर डिसेंबरच्या पहाटे तो दहाच्या आसपास उतरतो, आणि रब्बीच्या कामासाठी ट्रॅक्टर पहाटेच सुरू करावा लागतो. झिजलेल्या इंजिनात फार जाड तेल घातले की धूर कमी होतो आणि दाबाचा काटा वर चढतो हे खरे. पण थंड इंजिनाच्या वरच्या भागांत ते उशिरा पोहोचते आणि तेवढा वेळ धातू धातूवर घासतो. विकायला काढलेल्या ट्रॅक्टरमध्ये असे तेल का भरतात हे यावरून लक्षात यावे.

दुसरी खूण 'एपीआय' या अक्षरांपुढची. डिझेल इंजिनासाठी 'सी'ने सुरू होणारी अक्षरे पाहावीत. 'सीएच-४' हा दर्जा १९९८ सालचा आणि 'सीआय-४' २००२ सालचा. जुन्या पंचवीस-पस्तीस अश्वशक्तीच्या इंजिनाला दोन्ही पुरेसे आहेत. २०१६ साली आलेला 'सीके-४' मुख्यतः धुराची गाळणी बसवलेल्या आधुनिक इंजिनांसाठी आखलेला आहे. ज्या ट्रॅक्टरला ती गाळणीच नाही त्याच्या धन्याने तिच्यासाठीच्या तेलाचे पैसे का मोजावेत? शिवाय एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत १० भागांपर्यंतच असते. जुन्या गंधकयुक्त डिझेलमुळे तेलात जे आम्ल साचत असे त्याची भीती पुष्कळच ओसरली आहे. एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षे साधे तेल घातलेल्या इंजिनात नवे स्वच्छताकारी तेल प्रथमच घातले की आतला गाळ सुटतो आणि फिल्टर तुंबतो. म्हणून तो पहिला भरणा पन्नासेक तासांतच फिल्टरसह बदलावा.

तेलाच्या जातीइतकेच त्याच्या वेळापत्रकाला महत्त्व आहे. जुन्या ट्रॅक्टरचा तासांचा मीटर बंद पडलेला असतो, आणि मग तेल बदलण्याची वेळ आठवणीवर सोपवली जाते. अशा वेळी डिझेलचा हिशेब ठेवावा. तासाला तीन ते साडेतीन लिटर धरले, तर २५० तास म्हणजे साडेसातशे ते पावणेनऊशे लिटर डिझेल. जुन्या पुस्तकात याहून कमी तास दिले असतील तर तेच पाळावेत. पट्टीवर तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर त्यात डिझेल उतरते आहे. तेल दुधाळ झाले तर पाणी. हवेच्या गाळणीच्या वाटीतले तेल रोटाव्हेटरच्या धुळीत पाहता पाहता चिखल होते. ते बदलले नाही तर उत्तम तेलही लायनर वाचवू शकत नाही. गिअरपेटीचे आणि हायड्रॉलिकचे तेल वेगळे असते, एवढे येथे पुरे.

आता शासनाची बाजू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. टायर आणि सुट्या भागांवरचा १८ वरून ५ वर. ही सवलत स्वागतार्ह आहे. इंजिन तेलावर मात्र १८ टक्केच राहिले. कारखानदार आपल्या यंत्राच्या वंगणावर भरलेला कर पुढच्या करातून वळता करून घेतो. शेतकरी नोंदणीबाहेर असल्यामुळे त्याच्यावर तो कायमचा बसतो. नवे यंत्र विकत घेणाऱ्याला सवलत आणि अनुदान, आणि असलेले जपणाऱ्यावर साडेतीनपट दराने कर, या धोरणात कोणाचे हित जपले गेले आहे हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

बनावट तेलाचा प्रश्न याच महागाईतून उद्भवतो. नामांकित कंपन्यांचे रिकामे डबे विकत घेऊन त्यांत गाळलेले जळके तेल भरण्याचा धंदा चालतो. इंजिन उतरवून नवे लायनर, पिस्टन आणि रिंगा बसवण्याचा खर्च दहा हजारांच्या पटीत जातो, आणि त्याचे मूळ पुष्कळदा लिटरमागे वाचवलेल्या शंभर रुपयांत असते. शेतकऱ्याला लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पेरणीच्या तोंडावर त्याच्या खिशात तेवढेच असतात.

मागण्या म्हणून तेलावरचा कर ५ टक्क्यांवर आणण्याची मागणी आपण करूच. परभणीच्या कृषी विद्यापीठाने जुन्या ट्रॅक्टरांच्या प्रत्येक नमुन्यासाठी तेलाचा मराठी तक्ता काढावा, हीही मागणी करता येईल. परंतु मागणीची वाट न पाहता करण्यासारखे एक काम खुलताबाद तालुक्यातील साथींनी हाती घ्यावे. अशा ट्रॅक्टरला एका भरण्यास साधारण सात लिटर तेल लागते आणि मोठा सीलबंद पिंप २१० लिटरचा असतो. म्हणजे तीस ट्रॅक्टरांचा एक पिंप. सार्वजनिक तेल कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून तो विविध कार्यकारी सोसायटीच्या नावे घ्यावा, सर्वांसमोर सील तोडावे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एखादा निदेशक त्या दिवशी बोलवावा. निघालेले काळे तेल ओढ्यात ओतू न देता एकत्र साठवून अधिकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडेच द्यावे. वर्गणी ठरवतानाच तीस फिल्टरांचे पैसे त्यात धरावेत. पुष्कळ ठिकाणी तेवढेच राहून जाते.