विकणारा कोण?

कबड्डी लीगचा लिलाव झाला की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक सात्त्विक संताप उसळतो: माणसांचा बाजार मांडला! संतापणारे बहुतेक आमच्यासारखेच, भाषा शिकवणारे. पण या मंडळींनी बातमीतले 'विकला गेला' हे क्रियापद एकदा नीट तपासले असते, तर संताप योग्य जागी पोचला असता.

लासलगावच्या बाजारात कांदा विकला जातो तेव्हा विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे असतात. पैसा शेतकऱ्याच्या हाती येतो (किती येतो, हा निराळा शोक). युरोपातल्या फुटबॉलमध्येही विकणारा असतो, तो म्हणजे जुना क्लब. त्याला मिळते ती रक्कम खेळाडूच्या पायांची किंमत नव्हे, करार मुदतीआधी सोडून दिल्याची भरपाई असते. म्हणून क्लब भाव ठरवताना गोल मोजतात, वय मोजतात, पण कराराची उरलेली वर्षेही मोजतात आणि गिऱ्हाइकाची निकड जोखतात. किलियन एम्बाप्पेसाठी पॅरिसच्या क्लबाने सुमारे 18 कोटी युरो मोजले होते. 2024 मध्ये करार संपला आणि पंचविशीतला तोच खेळाडू रेआल माद्रिदकडे गेला, तेव्हा पॅरिसला हस्तांतराची एक दमडीही मिळाली नाही. 1995 च्या बोसमन निकालापासून तिथला कायदाच तसा आहे. खेळ घटला नव्हता, कागद संपला होता. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा आपला कांदाही काही एका रात्रीत सडला नव्हता.

आपल्या लिलावात मात्र विकणारा कोण? कोणीच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईवर 2018 मध्ये यू मुंबाने 36 लाख 40 हजारांची बोली लावली, 2019 मध्ये तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाखांची. मधल्या हंगामात त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळवले होते, शिवाय चांगला चढाईपटू हवा असलेले संघ एकाहून अधिक होते. ही रक्कम म्हणजे त्याचे हंगामाचे मानधन. ते त्याला मिळाले, याचा आनंदच आहे. त्यात गुलामगिरी शोधणाऱ्यांनी आपल्या वेतन आयोगाच्या थकबाकीकडे पाहावे. पवन सेहरावतचे उदाहरण आणखी बोलके. 2022 मध्ये 2 कोटी 26 लाखांना घेतलेला हा खेळाडू पहिल्याच सामन्यात जायबंदी होऊन हंगामाला मुकला. पुढच्या वर्षी त्याने भारताचे नेतृत्व करून आशियाई सुवर्ण जिंकले आणि बोली 2 कोटी 60 लाखांवर गेली.

या साऱ्या हिशोबात एक रकाना कोराच राहतो. मुलाला चौदाव्या वर्षी मातीत उतरवले कोणी? गल्लीतल्या मंडळाने. आमच्या कॉलेजमागच्या मैदानावर असेच एक मंडळ आहे. वर्गणीतून विजेचे बिल भरते, आणि प्रशिक्षक म्हणजे नोकरीवरून थेट मैदानावर येणारा जुना खेळाडू. त्याचा एखादा पोरगा उद्या कोटीत गेला, तर मंडळाच्या वाट्याला सत्काराचा नारळ, तोही मंडळानेच आणलेला.

फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, तिच्यावर कितीही डाग असोत, यावर नियम केला आहे. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तर रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे. नेमारच्या 2017 मधल्या 22 कोटी 20 लाख युरोंवर हा हिस्सा 1 कोटी 11 लाखांपर्यंत जातो. नियम अपुरा आहे. एम्बाप्पेसारखा खेळाडू करार संपवून गेला की हा हिस्साही बुडतो. तरी नियम आहे.

आपल्याकडे असे सुचवले की उत्तर तयार असते: इथे हस्तांतर-शुल्क नाही, मानधन आहे, मग पाच टक्के कापायचे कोणाचे? खेळाडूचे तर मुळीच नाही. बोलीवर पाच टक्के संघमालकाने वेगळे भरावेत. लासलगावला बाजार फी खरेदीदारच भरतो ना? आणि मुलगा कोणत्या मंडळाकडून खेळला, याची नोंद कबड्डीच्या संघटनांकडे असतेच. स्पर्धेत वयाचा वाद निघाला की ती कशी झटकन सापडते!