अर्धा कोयता आणि दोन लेकरे

दसरा-दिवाळी उलटली की माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड आणि त्याच्या आसपासच्या गावांतून बिऱ्हाडे हलू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, ज्वारीची पोती आणि माणसे एकत्रच रचली जातात. त्या गर्दीत दीड-दोन वर्षांचे एक आणि महिन्या-दोन महिन्यांचे दुसरे, अशी दोन लेकरे अंगावर पाजणारी एखादी आई बसलेली असते. तिला पाहून शहाण्यासुरत्यांचा प्रश्न ठरलेला असतो : थोरल्याचे अजून तोडले कसे नाही?

या प्रश्नाइतका खोटा प्रश्न दुसरा नाही. एकाच वेळी दोन लेकरांना पाजणे हा अडाणीपणा नव्हे. स्तन म्हणजे भरून ठेवलेला माठ नव्हे. लेकरू जितके ओढते, तितके दूध तयार होते. गरोदरपणी दूध नासते, ही समजूतही निराधार आहे. पहिल्या दिवसांतला चीक धाकट्याच्या वाट्याचा आहे, पहिली पाळी त्याची, आणि थोरल्याला दुधाच्या जोडीला पोटभर घास हवा, एवढे सांभाळले की झाले. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षे आणि त्यापुढेही स्तनपान चालू ठेवा असेच सांगते. म्हणजे शास्त्र त्या आईच्या बाजूचे आहे. विरोधात आहे ती तिची भाकरी.

कारण दूध आभाळातून पडत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात. जवळजवळ दोन जाड भाकरी. हा हिशेब एका लेकराचा. दुसऱ्याच्या वाटणीची भाकरी कोण देणार? ती मिळाली नाही म्हणून पान्हा लगेच आटत नाही. शरीर आपल्या हाडामांसातून दूध पुरवीत राहते आणि झिजते ते आईचे अंग. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याच पाहणीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षाआधी झालेली होती. मुलीला गावात एकटी ठेवण्याची धास्ती आणि लग्न झाले की तयार होणारा नवा कोयता, यांतून ही लग्ने होतात. ज्या पोरीचे स्वतःचेच अंग भरलेले नाही, तिच्या अंगावर दोन लेकरे येतात ती अशी.

थोरले लेकरू आईला सोडत नाही याचे कारणही हट्ट नव्हे. गावच्या अंगणवाडीतला त्याचा आहार गावातच राहतो. कारखान्याच्या माळावर कोपी उभी राहते, पहाटेच्या अंधारात तोडणी सुरू होते, आणि त्या पोराला खात्रीने मिळणारा एकमेव आहार म्हणजे आईचे दूध. सरकारने जो घास द्यायचा, तो ही बाई आपल्या रक्तातून देते. वर तिलाच विचारायचे, तोडले का नाही!

नवराबायको मिळून एक कोयता. बाई म्हणजे अर्धा कोयता. उचल घेतली नवऱ्याने, अंगठा नवऱ्याचा, हिशेब मुकादमाच्या वहीत. बाईचे नाव कोठेच नाही. बांधावर बसून तिने लेकराला पाजले तर मोळ्या कमी पडतात, दिवस मोडला तर खाडा. मजुरी टनावर, आणि पाजण्यात गेलेल्या वेळाचे वजनकाट्यावर काही उठत नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने पाजणाऱ्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन जादा सुट्ट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर आले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी उतरल्या. फडातल्या बाईला यातले काय मिळाले? कारखानदार म्हणतात, तोडणीवाला आमचा नोकर नव्हे, तो मुकादमाचा. ऊस आमचा, साखर आमची, नफाही आमचा. बाळंतीण तेवढी मुकादमाची! सहकाराचे गोडवे गाणाऱ्यांनी हा न्याय कोणत्या पोथीत वाचला?

दिल्लीचा न्यायही याच जातीचा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. पहिल्या, दुसऱ्या अपत्याची अट त्यात नव्हती. २०१७ च्या मातृवंदना योजनेने तो हक्क पहिल्या अपत्यापुरता आणि ५,००० रुपयांपर्यंत छाटला. पुढे दुसरे अपत्य मुलगी असेल तरच ६,००० रुपये, अशी सवलत जोडली. म्हणजे दोन लेकरे अंगावर असलेल्या आईचे धाकटे मुलगा निघाले, तर त्याच्या दुधासाठी सरकारजवळ छदाम नाही. मुलींच्या जन्माला प्रोत्साहन द्यावे, यात वाद नाही. पण ते प्रोत्साहन दुसऱ्या बाळंतिणीच्या ताटातून काढून देण्याचा अधिकार कोणाला होता?

चळवळीनेही स्वतःला एक प्रश्न विचारावा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, ती लढून मिळाली. परंतु दर टनाला मिळतो, आणि पाजणारी बाई टनात मावत नाही. दर वाढला म्हणून तिला बांधावर बसण्याची सवड मिळालेली नाही. उलट प्रत्येक मोळी महाग झाली, तशी तिची बसलेली घटकाही महाग झाली. मोर्च्यात पुढे बायका आणि मागणीपत्रात फक्त टन, ही रीत कार्यकर्त्यांनीच मोडायला हवी.

ऊसतोड कामगारांच्या नावाने महामंडळ स्थापन झालेले आहे आणि कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे धोरणही ठरलेले आहे. त्या पैशांवर पहिला दावा बाळंतिणीचा लावता येईल. पुढच्या हंगामाची उचल वाटली जाण्याआधी दिंद्रुडच्या घराघरांत जाऊन प्रत्येक कोयत्यावर दोन नावे लिहून घ्यावीत, बाईचे नाव आणि तिच्या अंगावरच्या लेकरांची वये त्यात असावीत. २६ आठवड्यांची भरपाई, कोप्यांजवळ अंगणवाडी आणि पाजण्याच्या वेळेला खाडा नाही, हे तीन मुद्दे त्या यादीसह कारखान्याच्या फाटकावर न्यावेत. गाड्या भरल्यानंतर सह्या गोळा करायला गावात कोणी उरत नाही.