कडी कुठे लावायची?

सकाळी अकराच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावात अंगणवाडीजवळून गेलं, तर आतून मुलांच्या गाण्याचा आवाज येतो आणि दार मात्र बहुतेकदा लावलेलं दिसतं. कडी वर, मोठ्या माणसाचाच हात पोचेल अशी. तिचं कारण साधं आहे. बाहेर रस्ता असतो, रस्त्यावर ट्रॅक्टर असतो, मोकाट गुरं असतात, जवळपास एखादी विहीर असते. आत वीस-पंचवीस मुलं, एक ताई, एक मदतनीस. मदतनीस खिचडीकडे गेली की ताई एकटीच. तीन वर्षांचं पोर डोळ्यांदेखत उंबरठा ओलांडून पळतं, आणि एकाच्या मागे धावावं तर बाकीच्यांकडे कोण बघणार? म्हणून कडी. ती काळजीपोटीच लागते, तिच्याबद्दल ताईला बोल लावता येत नाही.

पण लहान मुलांची शाळा आगीत गेली आणि ती पुन्हा उभारायची वेळ आली, तर भिंतीचा रंग आणि छताचे पत्रे ठरवण्याआधी या कडीचा विचार व्हायला हवा. जगात मुलांच्या ज्या शाळा जळाल्या, त्यांतल्या अनेकींच्या चौकशीत प्रश्न फिरून फिरून दारापाशीच आला आहे.

अमेरिकेत क्लीव्हलंड शहराला लागून कॉलिनवूड नावाचं गाव होतं. तिथल्या लेक व्ह्यू शाळेला ४ मार्च १९०८ रोजी सकाळी आग लागली. इमारत बाहेरून भक्कम विटांची, आतून जिने, जमीन, तुळया सगळं लाकडाचं. तळघरातल्या तापलेल्या वाफेच्या नळामुळे जवळचं लाकूड पेटलं, असा निष्कर्ष निघाला. आगीच्या वेळी रांगेने बाहेर कसं पडायचं हे त्या मुलांना शिकवलेलं होतं. मुलं निघालीही, पण पुढच्या दारापाशी ज्वाळा होत्या. मग सगळा लोंढा मागच्या जिन्याकडे वळला. तिथे दारालगत लाकडी आडोसे घालून वाट अरुंद केलेली होती. पुढची मुलं पडली, मागची त्यांच्यावर पडली. धावत आलेले आईबाप बाहेरून मुलांचे हात ओढत होते आणि मुलं सुटत नव्हती. १७२ मुलं गेली. दोन शिक्षिका गेल्या, वाचवायला आलेला एक माणूसही गेला. दारं आतल्या बाजूला उघडत होती म्हणून मुलं अडकली, असं पुढे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात चौकशीत दारं बाहेरच उघडत असल्याचं दिसून आलं होतं. घात केला तो दारापर्यंतच्या अरुंद वाटेने.

कॉलिनवूडने नवी शाळा जुन्या जागेवर बांधली नाही, शेजारी बांधली. तिला मेमोरियल स्कूल असं नाव दिलं, आणि जिथे मुलं गेली त्या जागेवर बाग केली. जिथे अनर्थ झाला ती जमीन मोकळी, फुलांची ठेवायची आणि तिच्या शेजारीच नवे वर्ग भरवायचे, यात फार मोठी समज आहे. नवी इमारत बांधताना आगीला टिकेल असं साहित्य आणि बाहेर पडायच्या सुटसुटीत वाटा यांवर भर दिला गेला. त्याच वर्षी, म्हणजे १९०८ मध्ये, अमेरिकेच्या बाजारात दाराला लावायची एक आडवी दांडी आली. १९०३ साली शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहाच्या आगीत सुमारे ६०० माणसं मेली होती. त्या खेळाला जाणार होता पण जाऊ शकला नाही, असा कार्ल प्रिन्झलर हा लोखंडी सामानाच्या धंद्यातला माणूस या दांडीमागे होता. बाहेरून कुलूप असलं तरी आतून नुसतं अंग रेटलं की दार उघडतं. आज मॉलमध्ये, चित्रपटगृहात ती सर्रास दिसते. बालवाडीत का दिसू नये? चार वर्षांचं मूल साधारण एक मीटर उंचीचं असतं. दांडी दोन फुटांवर लावली, तर ते पोटाने ढकलूनही बाहेर पडेल.

दाराचं दुसरंही एक काम असतं, ते शिकागोने शिकवलं. १ डिसेंबर १९५८ रोजी तिथल्या अवर लेडी ऑफ द एंजल्स या शाळेत जिन्याच्या तळाशी आग लागली. खालच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी जाड दारं होती. त्यांनी धूर आणि आच अडवली आणि त्या मजल्यावरची मुलं बाहेर पडू शकली. वरच्या मजल्यावर त्या जागी दारच नव्हतं. काळा धूर सरळ वर्गांसमोरच्या वाटेत शिरला. ९२ विद्यार्थी आणि तीन नन मृत्युमुखी पडल्या. खिडक्यांच्या कठड्याची उंची वर्गातल्या जमिनीपासून तीन फुटांहून जास्त होती. धाकट्या मुलांना तो चढताही आला नाही. १९६० मध्ये त्याच जागी नवी शाळा उघडली, तिच्या छतात पाण्याचे फवारे होते. मात्र वाचलेल्या मुलांनी पुढे मोठेपणी सांगितलं की, त्या दिवसाबद्दल बोलू नका, असं त्यांना घरी आणि शाळेत बजावलं गेलं होतं. शाळा नवी झाली आणि मुलांच्या मनातली आग तशीच झाकून ठेवली गेली.

आपल्या देशातलं उदाहरण कुंभकोणमचं. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या या गावात शाळेच्या स्वयंपाकघरातली ठिणगी झावळ्यांच्या छपराला लागली आणि वरच्या मजल्यावरची ९४ मुलं गेली. अरुंद जिना एकच. त्यानंतर त्या राज्यात शाळांवरची गवती छपरं उतरवली गेली. १३ एप्रिल २००९ रोजी अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. प्रत्येक शाळेत आग विझवण्याची साधनं हवीत, शिक्षकांना ती वापरता यायला हवीत. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदाही आहे. नियमांची उणीव नाही. तरी ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १७ पैकी १० बाळं गेली. विदर्भातल्या माणसाला तमिळनाडू किंवा अमेरिका दूरची वाटेल, भंडारा वाटणार नाही.

आता यवतमाळच्या मातीवर या. इथे ‘मातीवर’ हा शब्द अक्षरशः घ्यायचा. जिल्ह्यातल्या मोठ्या भागात कपाशीची काळी जमीन आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पायाचं बांधकाम असेल तर भिंत तडकते, चौकट तिरपी होते, दार जमिनीला घासतं. घरी आपण ते खांद्याने ढकलतो. अंगणवाडीतलं मूल ढकलू शकत नाही. म्हणजे नकाशात दोन दारं दाखवली, दोन्ही बसवली, बिल निघालं, आणि दुसऱ्याच पावसाळ्यानंतर त्यातलं एक गच्च बसलं, तर उरलं एकच. काळी माती उकरून काढून पाया खाली मुरमापर्यंत नेणं, किंवा रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी विकसित केलेले, तळाशी कंदासारखे फुगीर खांब घेणं, हे खर्चिक वाटतं. पण बालवाडीच्या सुरक्षेची सुरुवात तिथूनच होते.

उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. टिनाखालची खोली भट्टी होते, म्हणून कुणी थर्माकोलचं छत लावतं, कुणी फोमची चटई आणतं, भिंतीवर फ्लेक्सची चित्रं येतात, पडदे येतात. यातलं बरंचसं झपाट्याने पेटतं, आणि त्याचा धूर आगीच्या आधी जीव घेतो. नव्या शाळेत गारव्यासाठी उंच छत, वर हवा जायला झरोके, जाड भिंत, पुढे ओसरी आणि दाराशी कडुलिंब असावा. जुन्या वऱ्हाडी घराला हे ठाऊक होतं. सेवाग्रामच्या कुटी इथून लांब नाहीत. मे महिन्यात त्यांच्या ओसरीत बसून पाहणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. स्वयंपाकघर मात्र वर्गापासून सुटं, वाऱ्याची दिशा बघून, आणि सिलिंडर भिंतीबाहेर जाळीत. पऱ्हाटीचे ढीग, कुटार, कडबा शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवायची जी सवय गावोगाव आहे, ती मोडायला सरपंचाचा एक शब्द पुरेसा आहे.

बंब नगरपालिकेच्या गावात असतो. झरी जामणीच्या किंवा मारेगावच्या आतल्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, तो पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. तिथे मुलांना वाचवणारी माणसं दोनच, ताई आणि मदतनीस. त्यामुळे इमारतच अशी हवी की दोन बायकांना पंचवीस मुलं मिनिटभरात बाहेर नेता यावीत. लहान मुलं आगीपासून पळतातच असं नाही. घाबरली की ती टेबलाखाली, कपाटामागे, कोपऱ्यात लपतात. म्हणून खोलीत लपायला सांदीकोपरे नकोत, आणि ताईला एका जागी उभं राहून सगळी डोकी मोजता यायला हवीत. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संहितेत पूर्वप्राथमिकचे आणि पहिलीचे वर्ग थेट बाहेर पडता येणाऱ्या मजल्यावरच भरवावेत असा नियम आहे. आपल्या शहरांत दुकानांच्या वर, एकाच जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर नर्सरी चालतात. यवतमाळ, पुसद, वणी इथल्या पालकांनी फी विचारण्याआधी वर्ग कितव्या मजल्यावर आहे हे विचारावं.

कवायत कोणत्या भाषेत घ्यायची, हाही आराखड्याचाच भाग आहे. कोलाम पोडावरचं तीन वर्षांचं मूल कोलामी बोलतं, तांड्यावरचं गोरमाटी. धूर भरल्यावर ‘रांगेत बाहेर पडा’ हे पुस्तकी मराठी त्याच्या कानावरून जाईल. आईच्या बोलीतला एकच शब्द, रोजच्या खेळात घोळवलेला, त्याला दाराबाहेर काढेल.

आणि पुन्हा ती कडी. ताईला ती काढ म्हणायचं असेल, तर तिला पर्याय द्यावा लागेल. तो पर्याय अंगणवाडी या शब्दातच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात काम सुरू केलं, तेव्हा आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येईनात. मग बालवाडीच पाड्यांवरच्या अंगणात गेली. त्यातून आलेलं नाव १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर देशभर पोचलं, आणि आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्यांतल्या कितीतरी अंगणाशिवाय आहेत, एका खोलीच्या, भाड्याच्या. अंगण द्या. खोलीची दोन्ही दारं, समोरासमोरच्या भिंतींत, त्या अंगणात उघडू द्या, सताड उघडी राहू द्या. अंगणाला मुलाच्या डोक्याहून उंच कुंपण घाला आणि कडी त्या कुंपणाच्या फाटकाला लावा. मग मूल खोलीबाहेर पळालं तरी रस्त्यावर जात नाही, आणि खोली पेटली तरी ते मोकळ्यावर असतं. फाटक इमारतीपासून दूर हवं, आणि एका कोपऱ्यात पाण्याचं टाकं, निळोणा-चापडोहची धरणं आटली की यवतमाळकर जसं पाणी साठवतात तसं कायम भरलेलं. अंदाजपत्रक आवळताना कुंपण आणि जादा जागा आधी कापली जाते. ती कापू नये, एवढ्यासाठी पालकांनी ग्रामसभेत आवाज चढवला तरी चालेल.

शाळा जळाली असेल तर मुलांना नव्या इमारतीत एकदम नेऊन बसवू नये. पाया खणताना त्यांना यायला द्यावं, विटा मोजू द्याव्यात, दार कुठे असावं ते विचारावं, आईसोबत पहिले काही दिवस बसू द्यावं. जळकट वास आठवून कुणी रडलं तर रडू द्यावं, बोलू द्यावं. जुन्या शाळेतलं वाचलेलं काही, घंटा किंवा एखादं झाड, नव्या अंगणात असावं.

मग पहिला पावसाळा जाईल, काळी माती वाळून तडकू लागेल, दिवाळीची सुट्टी संपेल. त्या दिवशी ताईने वर्गातल्या सर्वांत लहान मुलाला दोन्ही दारं एकेकदा ढकलायला सांगावं. एखादं हललं नाही, तर सुतार येऊन ते सुटेपर्यंत वर्ग कडुलिंबाखाली भरवावा.