मुधोळचा शिकारी श्वान

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या नातवानें रात्रीच्या पंक्तींत एक मागणी पुढें मांडली. “आजोबा, आपण मुधोळचा कुत्रा आणूं या.” जात स्वदेशी असल्यामुळें मी नाहीं म्हणणार नाहीं, असा त्याचा कयास. सूनबाईंनीं माझ्याकडे पाहिलें. “विचार करून सांगतों,” असें म्हणून मीं पानावरून उठलों. हल्लीं हा प्रश्न पुष्कळ घरांतून निघतो, म्हणून तो विचार वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम या प्राण्याचें कुल पाहूं. श्वान आणि मृगया यांची सांगड आपल्याकडे फार जुनी. अमरकोशांत शिकारींत कुशल अशा श्वानास ‘विश्वकद्रु’ हें निराळें नांव दिलेलें आहे. आणि आदिपर्वांत एकलव्यानें ज्याचें मुख बाणांनीं भरलें, तो पांडवांच्या मृगयेंतील कुत्राच होता. दख्खनच्या पठारावर शिकारीची ही परंपरा ज्या जातीनें चालविली, तिला ‘कारवानी’ म्हणतात. पश्चिम आशियांतील सलुकी व ताझी हे कुत्रे तांड्यांबरोबर व फौजांबरोबर इकडे आले आणि त्यांच्यापासून ही जात झाली, असें मानतात. कारवान म्हणजे तांडा. हल्लींच्या बागलकोट जिल्ह्यांतील मुधोळ येथें घोरपड्यांचें संस्थान होतें. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनीं बेरड लोकांजवळचे हे चपळ कुत्रे हेरले, त्यांची जोपासना केली, आणि एक जोडी पंचम जॉर्ज बादशहांस नजर केली. तेव्हांपासून मुधोळचें नांव या जातीस जडलें. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. नांव मात्र राहिलें.

आतां लक्षणें. शिकारी कुत्र्यांचे मुख्य वर्ग दोन: नाकानें माग काढणारे आणि डोळ्यांनीं सावज टिपणारे. मुधोळचा श्वान दुसऱ्या वर्गांतला. डोकें लांबट व अरुंद, मान लांब, छाती खोल, पोट आंत ओढलेलें. उंची खांद्याशीं सुमारें सव्वादोन फूट. बहुतेकांचें अंग तुळतुळीत असतें. ज्यांच्या कानांवर व शेपटीवर रेशमासारखे केस असतात त्यांस ‘पशमी’ म्हणतात. भरधांव पळतांना प्रत्येक झेपेंत दोन वेळां त्याचे चारी पाय भूमीपासून सुटतात: एकदां देह ताणला असतां, एकदां आखडला असतां. अंगावर चरबी नाममात्र. म्हणून थंडी त्यास बाधते, आणि शस्त्रक्रियेच्या वेळीं भुलीचें औषध देतांना पशुवैद्यांस विशेष जपावें लागतें. परक्याचा हात त्यास खपत नाहीं. आणि डोळ्यांपुढून कांहीं पळालें कीं तो धांवतोच. हा त्याचा अवगुण नव्हे. पिढ्यान् पिढ्या निवड करून मनुष्यानेंच त्याच्यांत मुरविलेला तो गुण आहे.

हें मला अनुभवानें, आणि उशिरां कळलें. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं जत तालुक्यांतील एका गांवीं मी शिक्षक होतों. एका धनगर विद्यार्थ्याच्या वडिलांनीं मला कारवानीचें पिलूं दिलें. सुटींत मीं तें आमच्या वाड्यांत आणलें; मुलांनीं त्याचें नांव ‘वायु’ ठेविलें. सहा महिन्यांत वाड्याचा चौक त्यास चार ढांगांचा झाला. वाऱ्यानें हालणाऱ्या वहिनींच्या सोंवळ्यावर त्यानें दोनदां झेप घातली, तेव्हां मीं त्यास खांबाशीं सांखळीनें बांधलें. तो नीट खाईना. येणाऱ्याजाणाऱ्यावर गुरगुरूं लागला. एके सकाळीं सांखळी निसटली आणि शेजारच्या आजींचें मांजर क्षणांत संपलें. आजी एक शब्दहि बोलल्या नाहींत. मीं मात्र वायूस छडीनें मारलें. शाळेंत मुलावर कधीं छडी उगारली नाहीं याचा मला अभिमान होता. तो त्या दिवशीं गेला.

पुढच्या रविवारीं त्यास घेऊन मी परत गेलों. मानेवरील सांखळीचा वळ पाहून धनगर म्हणाला, “मास्तर, ह्यो पळायचा जीव हाय. ह्याला खांबाला कशापायीं बांधलासा?” मजपाशीं उत्तर नव्हतें. सोडतांच वायु माळावर असा सुटला कीं, मेंढरांच्या तळाला तीन फेरे घालीपर्यंत माझी नजर त्याच्यामागें पुरेना. इतके महिने घरांत असलेल्या त्या प्राण्यास मीं त्या दिवशीं प्रथम पाहिलें.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्याच्या पुढील दुरुस्त्यांनीं ससा, काळवीट यांची शिकार गुन्हा ठरली. हें योग्यच झालें. परंतु त्यामुळें या श्वानाचें कुलपरंपरेचें काम गेलें. पुढें सन्मान मात्र वाढले. टपाल खात्यानें २००५ सालीं त्याचें चित्र तिकिटावर छापलें. २०१६ सालीं सैन्यानें कांहीं पिलें मेरठच्या केंद्रांत शिक्षणास घेतलीं. २०२० सालीं पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरून त्याची प्रशंसा केली. कीर्तीबरोबर हौस आली, आणि हौसेबरोबर सांखळी. स्वदेशी जातीचा अभिमान अवश्य धरावा. पण ज्याच्याजवळ कुंपण घातलेलें शेत आहे, आणि रोज पहाटे उठून त्यास धांववून आणण्याची चिकाटी आहे, त्यानेंच तो पाळावा. इतरांनीं त्यास दुरून पाहण्यांतच त्याचा मान आहे.

नातवास मीं वायूची सर्व हकीकत सांगितली, छडीचीहि. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मग आपण तो पळतांना पाहायला तरी जाऊं या का?” दिवाळीच्या सुटींत आम्हीं दोघे जतच्या बाजूस जाणार आहों. त्या धनगराचा मुलगा, माझा विद्यार्थी, अद्याप मेंढरें राखतो, असें कळतें.