सही देणार नाही

आमच्या कचेरीत एक नवा पोरगा आलाय आणि तो फार बोलतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे आपला म्हणून झाकतोय असं कुणी म्हणायला नको. सकाळी मशीनवर अंगठा टेकवताना त्याचं तोंड सुरू होतं, ते संध्याकाळी खोपटच्या एस.टी. स्टँडवरून स्टेशनकडं चालत जाईपर्यंत. अंबरनाथची लोकल का लटकली, सिद्धेश्वर तलाव पूर्वी केवढा असेल, चहा पाणचट कुणी केला, साहेबानं फायलीवर भलतंच कलम कसं टाकलं, सगळ्यावर ह्याचं मत तयार. मी बेरीज करत असलो की हा शेजारून आकडे मोठ्यानं वाचतो. डोकं उठतं. खरंच उठतं.

पण मागच्या आठवड्यात माझ्या टेबलावर एक कागद आला. 'सदर कर्मचाऱ्याच्या सततच्या बोलण्यामुळे कामात व्यत्यय येतो, सबब योग्य ती कार्यवाही व्हावी.' खाली नऊ सह्या. दहावी माझी हवी होती. कागद आणणारा खाली वाकून म्हणाला, "भाऊ, तुमची सही असली की जातीचा प्रश्न येत नाही."

बघा, कसं सरळ बोलला! शाई माझी, काम त्यांचं.

पोरगा एजन्सीमार्फत आलेला. अकरा महिन्यांची ऑर्डर. 'योग्य ती कार्यवाही' म्हणजे काय, हे अशा पोराच्या बाबतीत सांगायला लागत नाही. चौकशी नाही, नोटीस नाही, पुढची ऑर्डर निघत नाही एवढंच. बाप बिगारी होता, आता कंबरेनं बसलाय. घरात पगार हा एकच.

आता दुसरा बोलणारा बघा. सहाव्या टेबलावरचे गृहस्थ अठरा वर्षं बोलतायत. घोडबंदर रोडचा फ्लॅट, त्याचा कार्पेट एरिया, मुलीची पुण्याची ॲडमिशन, कुलदैवत, गुडघ्याचं ऑपरेशन. त्यांच्याविरुद्ध आजवर अर्ज नाही. उलट ते 'मनमिळाऊ'. तेच डबा खाताना म्हणतात, आता जात राहिलीय कुठं? आणि नवा माणूस आला की आधी आडनाव विचारतात. आडनावावरून कळलं नाही तर गाव, गावावरून नाही तर तालुका, मग वडील काय करायचे. कप्पा उघडेपर्यंत किल्ल्या लावत बसतात. ह्या पोराला तिसरी किल्ली लावली तेव्हा हा म्हणाला, "मी बौद्ध. अजून काय पाहिजे?" डबे पटापट बंद झाले. वर त्यानं साहेबासमोर विचारलं की एजन्सीकडून माणसं घेतली की बिंदुनामावली कुठं जाते. कागद त्यानंतर चार दिवसांनी निघाला. लोकलच्या गप्पा तीन महिने चालल्या होत्या, तेव्हा कुणाच्या कामात व्यत्यय आला नव्हता.

एकच गोष्ट. त्यांनी केली की गप्पा, आम्ही केली की तोंडाळपणा. आगाऊ, माजलेला, ही विशेषणं आपल्या आज्यालाही लागलीत.

पूर्वी त्यांचं हत्यार अबोला होतं. 1917 साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याच्या नोकरीत गेले, तर शिपाई फायली लांबून फेकायचे. पुढं सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथल्या काही प्राध्यापकांना त्यांनी सामाईक भांड्यातलं पाणी घेतलेलं खपेना. 31 जानेवारी 1920 ला पाक्षिक काढलं, त्याचं नाव 'मूकनायक'. त्याची जाहिरात पैसे मोजूनही 'केसरी'नं छापली नव्हती. मुक्यांनी बोलायचं ठरवलं की आधी दार लावून घ्यायचं, ही रीत जुनीच आहे.

आणि आपण मुके होतो तरी कुठं? गावात दवंडी आपणच द्यायचो. मयताचा सांगावा घेऊन पाच-पाच कोस आपणच पळायचो. घसा आपला, निरोप पाटलाचा. ह्या वतनाची बेडी तोडायला बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे मंडळात विधेयक आणलं. वतन कायद्यानं जायला मात्र 1958 उजाडलं. म्हणजे घसा स्वतःच्या मालकीचा होऊन आपल्याला पुरती दोन-तीन पिढ्याही झाल्या नाहीत. अशा घशातून थोडं जास्त येणारच. येऊ द्या की!

ओरडण्याचा उपयोगही असतो. 2023 साली राज्य सरकारनं नऊ खासगी एजन्स्यांमार्फत नोकरभरतीचा निर्णय काढला. पोरं रस्त्यावर आली, बोंब झाली, आणि ऑक्टोबरात तो निर्णय मागं घ्यावा लागला. गप्प बसलेल्यांनी मागं घ्यायला लावलेला एखादा शासननिर्णय दाखवा मला.

त्या नऊ सह्यांत तिसरी सही आपल्यातल्याच एकाची आहे. कचेरीला माहीत नाही, मला माहीत आहे. आडनाव बदललंय, बाबासाहेबांचा फोटो कपाटाच्या आतल्या बाजूला लावलाय. त्याचं नाव मी फोडणार नाही, ते त्याचं त्यानं बघावं. पण त्यानं डोळे वर न करता सही केली असणार, कारण अक्षर ओळीच्या बाहेर गेलंय.

राहिला प्रश्न माझ्या डोक्याचा. त्याला कागद कशाला लागतो? पोराला टपरीवर नेलं, कटिंग पाजली आणि तोंडावर सांगितलं, "बाबा रे, माझी बेरीज चालू असताना एक शब्द नको. अकरा ते एक तोंडाला कुलूप. नंतर काय बोलायचंय ते बोल." म्हणाला, "दादा, आधीच बोलायचं ना. मला वाटलं तुम्ही ऐकताय." दोन दिवस पाळलं. तिसऱ्या दिवशी पावणेबाराला सुरू झाला. मी नुसतं पेन वर केलं, थांबला. असं चाललंय. त्रास आहेच, पण तो माझ्या त्याच्यातला आहे, साहेबाच्या टेबलावरचा नाही.

कागद सहाव्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे, दहावी जागा कोरी. मी माझा वेगळा कागद केलाय. तीन महिन्यांत पोरानं कुठल्या कुठल्या तुंबलेल्या फायली निकाली काढल्या, त्यांचे नंबर आणि तारखा. खाली सही केली, आवकमध्ये नोंदवला आणि शिक्का मारलेली प्रत पोराच्या हातात दिली. मार्चअखेर त्याची ऑर्डर संपते.