खुणेचे लोखंड

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे जे दोन भाग अजिंठ्याच्या डोंगररांगेने पाडले आहेत, त्यांची माती निराळी, पाऊसपाणी निराळे आणि बोलीचा हेलही किंचित निराळा. तथापि सोयाबीन निघून आणि कपाशी वेचून माल बाजाराची वाट धरू लागला की एक तक्रार मात्र चिखली-मेहकराकडे आणि मलकापूर-नांदुऱ्याकडे सारख्याच शब्दांत ऐकू येते. रात्री ट्रॉली वावरात उभी करावी आणि पहाटे पाहावे तो हुकाची पिन नाही. कोणाच्या ट्रॅक्टरची बॅटरी गेलेली, कोणाची अवजार जोडण्याची टॉपलिंक, कोणाच्या टाकीतले डिझेल. समग्र ट्रॅक्टर लांबवणाऱ्या चोराची बातमी होते, त्याच्या मागावर पथक निघते आणि मुद्देमालासह तो सापडला म्हणजे छायाचित्रही छापून येते. हातभर लोखंड पिशवीत घालून नेणाऱ्याची दखल घेण्यास मात्र कोणालाच सवड नसते. वास्तविक पिनेची किंमत ती काय! परंतु ती नसल्यामुळे भरलेली ट्रॉली जागच्या जागी खिळते, मजुरांचा रोज बसल्या बसल्या चढत जातो, आणि ज्या दिवशी भाव बरा होता तो दिवस हातचा निसटतो. म्हणून या चोरीचे मोल चोराच्या पिशवीच्या वजनावरून ठरवण्यात अर्थ नाही.

ट्रॅक्टरच्या पाठीमागे ड्रॉबार नावाची जी जाड लोखंडी पट्टी असते, तिच्या भोकाशी ट्रॉलीच्या दांडीचा डोळा जुळवायचा आणि दोहोंतून पिन सोडायची, एवढाच हा सारा योग. नांगर, पेरणीयंत्र, रोटाव्हेटर ही अवजारे मात्र तीन ठिकाणी जोडली जातात, आणि त्या तिहेरी जोडणीचा जनक म्हणजे आयर्लंडातला हॅरी फर्ग्युसन नावाचा एक खटपट्या यंत्रज्ञ. त्याने १९२६ साली तिचे पेटंट घेतले. पुढे त्याचे नाव धारण करणारे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर १९६० साली मद्रासेत स्थापन झालेल्या टॅफे कंपनीच्या द्वारे आपल्याही शिवारात आले, आणि आज कोणत्याही कंपनीचा ट्रॅक्टर घेतला तरी त्याच्या पाठीशी फर्ग्युसनचीच युक्ती उभी असते. एकट्या माणसाला, दुसऱ्याच्या मदतीवाचून, हां हां म्हणता अवजार जोडता आणि सोडता यावे, हे तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य. शेतकऱ्याला दिवसा जे इतके सुलभ, ते चोराला रात्री अवघड का व्हावे, हा प्रश्न त्या बिचाऱ्याच्या मनात आला असेल असे वाटत नाही.

याहून मोठी गोष्ट म्हणजे मापांचे ऐक्य. बैलगाडीच्या काळी जू, शिवळा, आखाची खीळ हे सारे गावच्या सुतार-लोहाराच्या हातचे असे; एका गाडीचा अवयव दुसऱ्या गाडीस नीट बसेलच याची शाश्वती नसे, आणि बसलाच तरी सुतार आपल्या हातचे लाकूड चटकन ओळखी. तेव्हा चोऱ्या होत नसत असे मी म्हणत नाही, कारण गतकाळाला सोवळे नेसवण्याची हौस मला नाही. परंतु चोरलेली वस्तू आपली ओळख अंगावर बाळगूनच चोराबरोबर जात असे, आणि त्यामुळे ती चार कोसांच्या आत विकणे धोक्याचे होते. कारखान्याने एका मापाचे सहस्रावधी नग घडवले तेव्हा शेतकऱ्याची फार मोठी सोय झाली, यात वाद नाही. मेहकरात तुटलेली पिन शेगावात मिळू लागली. त्याच क्षणी त्या पिनेचे गोत्रही नाहीसे झाले. ती आता कोणाचीच नाही, आणि म्हणून ज्याच्या हाती असेल त्याची आहे.

एखाद्या वस्तूची आणि तिच्या चोराची ओळख पटवण्याची जुनी ग्रामव्यवस्था कशी होती, याचे वर्णन ब्रिटिश प्रशासक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखासंबंधी १८१९ साली जो अहवाल सिद्ध केला त्यात आढळते. गावच्या रखवालदाराने रात्री गस्त घालावी, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवावी, प्रत्येकाचा स्वभाव जाणून असावे, आणि चोरी झालीच तर पावलांचा माग काढीत जावे. माग दुसऱ्या गावच्या शिवेत शिरल्याचे तिथल्या रखवालदारास पटवून दिले आणि पावलाचे माप त्याच्या स्वाधीन केले की पहिल्याची जबाबदारी सुटे, दुसऱ्याची सुरू होई, आणि ज्या गावापाशी माग अखेर संपे त्या गावास चोरीच्या मालाबद्दल जबाब द्यावा लागे. हा अहवाल आपल्या वऱ्हाडाबद्दल नाही, हे खरे. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या अमलाखाली होते आणि १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या कारभारात आले. परंतु जागल्या हा रखवालदार इकडच्या गावगाड्यातही होताच. या व्यवस्थेचा भार गावातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या माथ्यावर असे, हे विसरून तिचे गोडवे गाणे मला प्रशस्त वाटत नाही. तरीही तिच्यातले एक तत्त्व विचार करण्याजोगे आहे, ते असे की चोर सापडेना तेव्हा माल जिथे मुरला तिथे विचारणा होत असे.

आजचा कायदा या बाबतीत थोडा हात आखडता घेतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावयाची आहे, आणि पाच हजारांच्या आतली अशी चोरी अदखलपात्र गुन्ह्यांत मोडते. भुकेपोटी चार कणसे उचलणाऱ्यास तुरुंग दाखवू नये, या दयाबुद्धीशी माझे भांडण नाही. मात्र त्याचा एक परिणाम असा की पिन गेली, टॉपलिंक गेली, म्हणून ठाण्यात गेलेल्या शेतकऱ्याच्या हाती अदखलपात्र नोंदीची प्रत येते आणि दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमावाचून तपासाचे पाऊल पुढे पडत नाही. दहा जणांच्या दहा पिना गेल्या तरी प्रत्येकाची नोंद स्वतंत्र, प्रत्येकाची रक्कम मर्यादेच्या आत. भावकीतल्या एकाची पिन गेल्या हंगामात अशीच गेली, तेव्हा तो मला म्हणाला, “भाऊ, चोरालेबी हिशोब येते; पाच हजाराच्या वर तो जातच नाही.” चोर इतका कायदेपंडित असेल असे मला वाटत नाही, पण सुखावण्यासारखे त्या बोलण्यात काही नव्हते.

मग उपाय कोणता? कुलूप, असे उत्तर पहिल्याने सुचते. अमेरिकेत जीप-पिकअपच्या मागे बोट नाही तर राहुटीची गाडी जोडून सुटीवर निघण्याचा परिपाठ असल्यामुळे तिकडे जोडणीच्या पिनेलाच कुलूप बसवलेले असते, आणि उभ्या ट्रेलरच्या डोळ्यातही कुलूप अडकवतात, जेणेकरून दुसऱ्या वाहनाला तो ओढून नेता येऊ नये. ही दुसरी युक्ती आपल्या ट्रॉलीलाही उत्तम लागू पडते, कारण पिन गेली तर नवी आणता येते, परंतु ट्रॉलीच गेली तर कर्जाचे हप्ते तेवढे मागे उरतात. बॅटरीसाठी लोखंडी पेटी करून तिला कडी-कोयंडा बसवावा; ज्या बोल्टाला वारंवार हात लावावा लागत नाही त्याचे नटाबाहेर आलेले टोक हातोडीने चेचून टाकावे म्हणजे पान्याने तो निघत नाही; ट्रॉली उभी करताना तिची दांडी भिंतीकडे करावी; आणि पिन, टॉपलिंक ही काढता येण्याजोगी लोखंडे रात्री घरात न्यावीत. किल्लीवर मात्र फारसे विसंबू नये, कारण एका ट्रॅक्टरची किल्ली त्याच जातीच्या दुसऱ्याला लागल्याचा अनुभव खेड्यात कोणाला नाही? ती इंजिन चालू करण्यासाठी घडवलेली असते. गुप्तता राखण्याची अपेक्षा तिच्याकडून कोणी केलेलीच नव्हती.

हे सारे करावे, पण कुलपाचा गुण असा की ते माझ्या ट्रॉलीवरचा चोर शेजाऱ्याच्या ट्रॉलीकडे पाठवते. चोराचा धंदा त्याने बंद पडत नाही. चोरी वस्तूची होत असली तरी ती होते ग्राहकामुळे. २०२० नंतर पुणे-मुंबईकडे मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीस जाऊ लागले तेव्हा प्रथम लोकांना नवल वाटले, कारण सायलेन्सरसारख्या धुराने माखलेल्या नळकांड्याचा कोणाला काय उपयोग. पण त्यातल्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रात प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात, त्याची ‘माती’ विकत घेणारी माणसे निर्माण झाली, आणि २०२१ च्या आरंभी ऱ्होडियमचा जागतिक भाव सोन्याच्या कित्येक पटींवर गेला, तेव्हा हजारो मैल दूरच्या बाजारातली तेजी गल्लीत उभ्या केलेल्या गाडीच्या पोटाखाली येऊन पोचली. आमच्याकडची बॅटरी शिशासाठी जाते, पिन भंगाराच्या काट्यावर जाते. ग्राहक लहान, एवढाच काय तो फरक.

वस्तूवरच्या खुणेचे महत्त्व सरकारनेही एका बाबतीत ओळखले आहे. वाहनाच्या क्रमांकाच्या पाट्या काढून दुसऱ्या लावण्याचा धंदा बोकाळला, तेव्हा १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षेच्या पाट्या आल्या. त्या पुन्हा न वापरता येणाऱ्या खिळ्यांनी बसवतात आणि त्यांच्यावर स्वतंत्र अनुक्रमांक कोरलेला असतो. त्यापूर्वीच्या वाहनांसाठी आपल्या राज्यात मुदतीवर मुदती वाढत गेल्या, ती कहाणी येथे नको.

परंतु खुणेच्या सामर्थ्याचा खरा धडा आपल्या जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशा ओळीने गेलेल्या लोहमार्गावर पडलेला आहे. ज्या जलंबहून खामगावच्या कापसासाठी १८७० साली फाटा काढला गेला, तिथल्या रुळांपासून रुळाच्या बोल्टांपर्यंत सारे लोखंड उघड्यावर, रात्रंदिवस, मैलोगणती विनापहारा पडून असते. ते सुरक्षित राहते त्याचे एक कारण असे की रेल्वेचे लोखंड पाहता क्षणी रेल्वेचे म्हणून ओळखू येते. दुसरे असे की १९६६ च्या रेल्वे मालमत्ता अवैध कब्जा कायद्याने प्रश्नाचे तोंडच फिरवले. तेथे चोराला चोरी करताना पकडण्याची वाट पाहत नाहीत. चोरीचा वाजवी संशय येण्याजोगा रेल्वेचा माल ज्याच्या ताब्यात सापडेल त्याने तो आपल्याकडे कायदेशीर मार्गाने आला हे सिद्ध करावे, न केल्यास पहिल्याच गुन्ह्यास पाच वर्षांपर्यंत कैद. एल्फिन्स्टनच्या अहवालातला माग जिथे संपे तिथे जबाब मागण्याचा जो रिवाज, त्याचीच ही आधुनिक आवृत्ती म्हणता येईल. शेतकऱ्याच्या लोखंडासाठी असा खास कायदा नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या १२४ व्या कलमात, चोरीचा वाटण्याजोगा माल बाळगणाऱ्याने त्याचा समाधानकारक खुलासा केला पाहिजे, अशी तरतूद १९५१ पासून आहे, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यासही न्याय संहितेत तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. अडचण कलमांची नाही. भंगाराच्या ढिगात पडलेली पिन माझी, हे मी कशावरून सांगावे, ही अडचण आहे.

आणि वस्तूवर खूण घालणे सुचू नये असा आपला समाज नाही! लग्नात आलेल्या पितळी तांब्यावर, पातेल्याच्या काठावर, पुरणयंत्राच्या बुडाशीसुद्धा नाव आणि तारीख घालून घेतल्याशिवाय आमच्या आज्यांना चैन पडत नसे. चाळीस वर्षांपूर्वी उसने नेलेले घंगाळ त्या नावामुळे परत आल्याच्या कथा घरोघरी आहेत. खामगावच्या चांदीच्या पेठेत छापावाचून वस्तू कोणी हातात धरीत नाही. जिथे पावशेर पितळेवर आम्ही नाव घालतो, तिथे मणभर लोखंडावर का घालू नये, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही; कदाचित लोखंडाला आपण संपत्ती मानतच नसू, खंडेनवमीला झेंडू वाहण्यापुरतेच त्याचे कौतुक.

या बाबतीत चिखलीच्या एका वेल्डिंगवाल्याशी माझे बोलणे झाले. त्याचे म्हणणे असे की अक्षरांचे ठसे ठोकून एमएच २८ आणि पुढचा क्रमांक ड्रॉबारवर, पिनेच्या डोक्यावर, टॉपलिंकच्या नळीवर घालणे हे चहा होईस्तोवरचे काम आहे; ठसे नसतील तर वेल्डिंगच्या रॉडनेच आद्याक्षरे उमटवता येतात; मात्र एक खूण उघड्यावर आणि दुसरी अडचणीच्या जागी, खालच्या अंगाला घालावी. चोर ग्राइंडरने घासून टाकील, अशी शंका मी काढली. “घासू द्या ना,” तो म्हणाला, “घासेल लोखंड घेऊन आला त भंगारवाला अर्धाच भाव देते. त्यालेबी समजते, का घासलं ते.” या एका वाक्यात दंडसंहितेच्या दोन-तीन कलमांइतका अर्थ आहे, असे माझे मत झाले.

एकट्याने खूण घालून मात्र फारसे साधणार नाही. बहुतेकांच्या लोखंडावर क्रमांक असला तरच बिनक्रमांकाच्या लोखंडाविषयी भंगारवाल्याला प्रश्न पडेल. त्यासाठी नवी समिती किंवा नवी योजना काढण्याची आवश्यकता मला दिसत नाही. बाजार समितीच्या फाटकावर ट्रॉली आत घेताना तिचा क्रमांक लिहून घेणारा माणूस बसलेला असतोच. रांगेत शेतकऱ्याचे तासन्‌तास जातात, त्या वेळात फाटकाशेजारी हंगामापुरता एखादा लोहार ठशांचा संच घेऊन बसवता आला, तर बरेचसे काम तिथेच उरकेल. त्याची मजुरी समितीने द्यावी की शेतकऱ्याने, हे संचालक मंडळाच्या पुढच्या सभेत कोणी तरी विचारावे.