‘देयधर्म’ आणि धर्म शब्दाचा अर्थ

‘धर्म’ हा शब्द ‘धृ’ धातूपासून निघाला, म्हणून ‘धारण करणारे तत्त्व’ हाच त्याचा एकमेव खरा अर्थ होय, तो संस्कृत शास्त्रग्रंथांतच शुद्ध राहिला, प्राकृतात विटाळला आणि मराठीने तर ‘दानधर्म’, ‘धर्मशाळा’, ‘धर्मादाय’ असे शब्द रूढ करून त्याला भिक्षेच्या झोळीत घातले, असे एक मत अलीकडे फार ठासून मांडले जाते. मत भारदस्त आहे. पुराव्यापुढे मात्र ते टिकत नाही.

शास्त्रांत एकच अर्थ आहे, हे म्हणणे दोन दर्शने शेजारी ठेवताच ढासळते: मीमांसक वेदाच्या विधिवाक्यातून कळणाऱ्या श्रेयस्कर कर्माला धर्म म्हणतात, तर नैयायिकांच्या लेखी घट हा ‘धर्मी’ आणि त्याच्या ठिकाणी असलेला रंग हा त्याचा ‘धर्म’ होय.

पण खरा पुरावा मावळात, वेहेरगावच्या डोंगरावर कोरलेला आहे. एकवीरेच्या देवळामागे कार्ल्याचे जे चैत्यगृह आहे, त्याच्या खांबांच्या तळाशी दगडी घट असून वर अठकोनी दंड उभा आहे, आणि अंधाऱ्या बाजूच्या खांबांवर विजेरीचा झोत तिरपा धरला की दंडावरची ब्राह्मी अक्षरे उठून दिसतात: अमक्याचा ‘थभो दानं’, म्हणजे खांब हे दान. दात्यांत धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीक वा परदेशी, आहेत, सोपाऱ्याचा भिक्षू आहे. संस्कृत ‘स्तंभ’ येथे ‘थभ’ झाला आहे, आणि मराठी माणूस ‘थांबतो’ तो त्याच मुळातून. येथल्याच एका विहारातील लेखात, सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या २४व्या राज्यवर्षी, हरफरण नावाच्या उपासकाने नऊ खोल्यांचा मंडप महासांघिक या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना दिल्याची नोंद आहे, आणि त्या मंडपाला लेखात ‘देयधम’ म्हटले आहे. ‘देयधर्म’ म्हणजे द्यावयाचा धर्म. येथे धर्म ही मनात धारण करायची गोष्ट राहिलेली नाही, ती छिन्नीने कोरलेली, राहायला दिलेली दगडी वास्तू आहे. ‘दानधर्म’ या मराठी शब्दाची जात हीच, आणि ती अर्वाचीन भिक्षेकऱ्यांनी घडवलेली नाही.

हा अपभ्रंश असता तर संस्कृतने तो टाकला असता. प्रत्यक्षात अजिंठ्याच्या अनेक संस्कृत लेखांत दानाची नोंद ‘देयधर्मोऽयम्’ या शब्दांनी सुरू होते. जे संस्कृतने आदराने उचलले त्याला संस्कृताच्याच नावाने हीन ठरवणे हा संस्कृताचा अपमान आहे.

यावर, हे बौद्धांचे झाले, असा जुना आक्षेप पुन्हा येतो. पण क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने वलूरकाच्या, म्हणजे कार्ल्याच्या, भिक्षूंना करजिक गाव दिले, आणि त्याच लेखात त्याने देवांना व ब्राह्मणांना दिलेल्या १६ गावांची आणि दान केलेल्या ३ लाख गाईंची गणना आहे; दाता एक, लेख एक, दानाची भावना एक. प्राकृत ही वैदिकांची भाषाच नव्हती, असेही सांगितले जाते. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणीच्या अश्वमेधादी यज्ञांची आणि त्यांतल्या दक्षिणेची नोंद प्राकृतात कोरलेली असताना हे सांगितले जाते, हे विशेष.

तेव्हा अशा शब्दाचा अर्थ ठरवताना शास्त्रातील व्याख्येइतकेच कोरीव लेखातील आणि बोलीतील वापरालाही प्रमाण मानले पाहिजे. धातू शब्दाचा जन्म सांगतो, त्याचे आयुष्य सांगत नाही. मराठी कोशात ‘धर्म’ या नोंदीखाली ‘दान’ हा अर्थ द्यावा, त्यापुढे ‘अपभ्रष्ट’ अशी खूण न करता कार्ल्याच्या ‘देयधम’चा दाखला द्यावा.